नटावरची रेघ

नव्वदच्या दशकात भद्रावतीकडच्या एका कोळसा चाळायच्या शेडमध्ये मी फिटर होतो. चाळणी सतत थरथरायची आणि त्या थरथरीने खांबाला बीम जोडणारे बोल्ट हळूहळू सैल व्हायचे. म्हणून नट आवळला की त्याच्यापासून प्लेटीपर्यंत आम्ही पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढायचो. नट फिरला की रेघ तुटलेली दिसायची.

एकदा माझा जोडीदार सैल नटावर पाना न लावताच नवी रेघ ओढताना दिसला. माझं डोकंच फिरलं.

"रंगानं नट आवळून राह्यला काय बे?"

"दिसाले तं सरळ आहे नं, भाऊ."

मी खाली बोट दाखवलं. त्याच बीमखाली त्याचा सख्खा भाऊ जेवणाचा डबा उघडून त्याची वाट पाहत बसला होता.