ओट्यावरून ओट्यावर: आईसोबत नंदुरबारच्या जुन्या गल्लीत

डॉक्टर म्हणाले होते, खुब्याचं हाड छान जुळलंय, आता भरपूर चाला. पण बाथरूममध्ये पडल्यापासून आईने असा धसका घेतला होता, की नाशिकच्या आमच्या फ्लॅटबाहेर पाऊल टाकायला ती तयार नव्हती. मी विनवण्या केल्या, चिडले, अबोला धरला. ही कायमची खाटेला खिळणार, असं मला वाटू लागलं होतं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "चालवायचंच असेल तर नंदुरबारच्या जुन्या गल्लीत ने. तिथे दमलं की बसायला दारोदार ओटे आहेत." तिची शाळा मावशीकडे राहून तिथेच झालेली. तिने शब्द मागे घ्यायच्या आत मी गाडीच्या टायरांत हवा भरून आणली.

धुळे, साक्री, मग विसरवाडीहून उजवीकडे, असा आमचा रस्ता. ट्रक पुष्कळ, त्यामुळे घाई करू नका. विसरवाडीला चहा घ्या. थंडीत गेलात तर गावाबाहेर लाल मिरच्यांच्या पथाऱ्या दिसतील. दिसतात झकास, पण काचा वर करा. आम्ही केल्या नाहीत आणि दोघी ठसकतच गावात शिरलो.

रात्री साध्याशा लॉजवर राहिलो. सकाळी गाडी चौकात लावली, कारण गल्लीत ती मावत नाही. गाइड नाही, पाट्या नाहीत. नकाशा आईच्या डोक्यात. घरं एकमेकांना खेटून, पुढे आलेले लाकडी सज्जे, खाली नक्षीदार टेकू, खांबांच्या माथ्यावर पोपट नि फुलं. कामावर सुरतेकडची छाप दिसते. आईने माझा दंड असा आवळला होता, की मुंग्या आल्या. चार पावलं झाली की ओटा, ओटा आला की बैठक.

अशाच एका ओट्यावर बसून आम्ही माना वर करून दारावरची कोरीव गणेशपट्टी न्याहाळत होतो. तेवढ्यात घरातल्या बाई बाहेर आल्या, आम्हाला पाहून गडबडीने डोक्यावर पदर घेतला.

"बठा ना माय, बठा. नवरदेव मांगे ऱ्हायना का?"

कुठला नवरदेव मागे राहिला, मला काही कळेना. मग उलगडा झाला. त्यांच्या मुलीला बघायला त्या सकाळी पाहुणे यायचे होते, आणि घर असं वरपासून खालपर्यंत निरखणारे दुसरे कोण असणार! आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता.

"नई ओ माय," आई त्यांच्याच अहिराणीत म्हणाली, "आम्ही फक्त घर दखाले उनूत."

"घर? घरमा काय शे दखासारखं?" घरात बघण्यासारखं काय असतं, हे त्यांना कळेना.

दोघी अशा हसल्या, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांत तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. पाहुण्यांआधी पोहे आम्हालाच मिळाले.

पुढे मात्र गल्लीचा बराच भाग नवा झालाय. सिमेंटची घरं, लोखंडी गेटं, ओटे गायब. मी आईला म्हणणार होते, इथूनच फिरू. पण बाईंना पाहुणे आले का ते कोपऱ्यावर जाऊन बघायचं होतं. "चला ना तठलोंग," म्हणत त्यांनी तिथपर्यंत सोबत बोलावलं, आणि आई त्यांच्याबरोबर निघालीसुद्धा. मुलगी किती शिकली, मुलगा काय करतो, बोलणं संपेचना. मध्येच माझा दंड सुटलाय हे तिच्या लक्षातही आलं नाही. मी श्वास रोखून मागून चालत राहिले. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, एवढं चालले मी?" मला इतकं हायसं वाटलं, की रस्त्यातच रडू फुटलं.

दुपारी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. खर्च म्हणाल तर पेट्रोल, लॉज आणि हे जेवण. फोटो काढण्याआधी विचारा. आणि लग्नसराईत घराकडे फार टक लावून बघू नका.

नाशिकला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. आईची खाट रिकामी. बाथरूमकडे धावले, तिथेही नाही. दाराशी आले, तर नंदुरबारला जाईपर्यंत कित्येक महिने धूळ खात पडलेली तिची चप्पल जागेवर नव्हती.