चिकगू झबेदांचा आखूड गिअर

आमच्या मलेशियातल्या क्वाला कांगसार गावात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गाडी कुणाकडे शिकलात? दहातले सात जण सांगतील, चिकगू झबेदांकडे. चिकगू म्हणजे मास्तरीण. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नाही, पण सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटवर बसून अर्ध्या गावाला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, म्हणून चिकगू. मीही त्यांचाच विद्यार्थी. पहिल्या दिवशी मी गाडी मशिदीमागच्या गटारात घातली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हमदान, इंजिन बंद कर. खाली उतर. चपला हातात घे."

बाई दिसायला एवढीशी. उशी घेतल्याशिवाय काचेतून पुढचं दिसायचं नाही. आवाज मात्र असा, की माणूस आपोआप ताठ बसायचा. आणि तो आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी घरामागच्या रामबुतानच्या झाडाखाली ओल्या पाल्यावरून त्यांचा पाय घसरला आणि डाव्या खांद्याचे तीन तुकडे झाले. आत पट्टी आणि सात स्क्रू बसले. हाड जुळलं, पण हात पुढे जाईना. कोपर ठीक, मनगट ठीक, मुठीत जोरही तेवढाच. खांदा तेवढा दगडासारखा. आमच्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. पहिला, तिसरा आणि पाचवा पुढे ढकलावा लागतो. चिकगूंना दुसरा आणि चौथा पडे. बाकीच्यांसाठी सगळं अंग पुढे झुकवावं लागे.

स्कूलचे मालक तोहसाहेब भला माणूस, पण ते म्हणाले, "चिकगू, शिकवणाऱ्याला चालवून दाखवता आलं पाहिजे." त्यांनी चिकगूंना ऑफिसात अर्ज भरून घ्यायला बसवलं. साठी जवळ आलेली, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी फदझलिन दूर जोहोरला. सगळ्यांचा सल्ला एकच, ऑटोमॅटिक गाडी घ्या. मीही तेच म्हणालो.

"ऑटोमॅटिकमध्ये मी काय करू?" त्या म्हणाल्या. "डावा हात मांडीवर ठेवून जपमाळ ओढू?"

ऑफिसात सहा महिने काढल्यावर एके दिवशी त्या माझ्या गॅरेजमध्ये आल्या. हातात केकचा रिकामा खोका. खोक्यात होतं ते बघून मी पाना खाली ठेवला. पुठ्ठ्याच्या फटीत साते, म्हणजे मांसाचे तुकडे, भाजायची बांबूची काडी उभी केलेली, आणि ती मध्ये एका शर्टाच्या बटणावर डुलत होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "ही वरची मूठ. हे बटण म्हणजे दांडा ज्या गोळीवर हलतो ती गोळी. आता खालचं टोक बघ किती हलतं." मग त्यांनी काडी बटणातून खाली सरकवली, वरची बाजू आखूड झाली, खालची लांब. "आता बघ. वर बोटभर हलवलं तरी खालचं टोक मघाइतकंच जातं. म्हणजे गिअर पडणार. पंधरा सेंटिमीटरचं काम सातात. माझा हात सातच जातो, मी शिंप्याच्या टेपने मोजलंय."

"तुम्ही दांडा उघडून बघितलात?"

"मग काय स्वप्नात बघितला? चार स्क्रू होते."

मी चाटच पडलो. हे असलं काम रस्त्यावर शर्यती लावणारे उनाड करतात, आखूड गिअर झटकन पडतो म्हणून. आणि इथे माझ्यासमोर डोक्याला फिकट जांभळा रुमाल बांधलेली, आयुष्यात साठच्या वर काटा न गेलेली बाई तेच मागत होती.

"चिकगू, दांडा जड होईल. जोर लावावा लागेल."

"जोर आहे. पोच नाही."

मी हो म्हणालो. आता जे सांगतोय ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. दांडा काढला, वरून कापला, गोळीच्या खाली तेवढाच जाड तुकडा जोडून वेल्डिंग केलं. दांडा खाली लांबला म्हणून त्याच्या बैठकीखाली पट्ट्या घालून ती उचलली. काम सुरेख दिसत होतं. चिकगू स्टुलावर बसून बघत होत्या. वेल्डिंग अजून लालसर होतं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे असंच हळूहळू निवू देतात ना?"

मला जेवायला जायचं होतं. वर थोडा रुबाबही दाखवायचा होता. मी दांडा चिमट्यात धरला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. चुर्र झालं, वाफ आली. मी म्हणालो, "चिकगू, तुम्ही गाडी शिकवा, लोखंड आम्हाला सोडा."

त्यांनी स्टूल उचलून भिंतीला लावलं.

आठवडाभर गाडी अशी चालली की बघत राहावं. मनगट हललं की गिअर पडला. चिकगू बाजारात गेल्या, नदीकाठी गेल्या, तोहसाहेबांच्या दारात तीन वेळा उलटी गाडी घेऊन लावून दाखवली. रविवारी सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. "चल. सपाटीवर कुणीही चालवतं. बुकित बेरापितचा घाट बघू."

चढताना काहीच झालं नाही. वर पोचलो. उतारावर पुढे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक रांगत होता. वळणाआधी चौथ्यातून तिसऱ्यात यायला म्हणून त्यांनी क्लच दाबला, मनगट फिरवलं, आणि 'टक' असा आवाज आला. काचेचा पेला फुटावा तसा.

दांडा त्यांच्या हातात आला नाही, पण तो कशालाच जोडलेला उरला नाही. मान मोडलेल्या कोंबडीसारखा इकडून तिकडे लोळायला लागला. गाडी चौथ्यातून निघाली होती आणि तिसऱ्यात गेली नव्हती. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, आणि गाडी उतारावर मोकळी सुटली होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नंतर चिकगू म्हणाल्या, आईचं नाव घेत होतास. ओंडक्यांची गोल तोंडं एवढी जवळ आली की त्यांच्यावर खडूने लिहिलेले आकडे मला वाचता आले. ब्रेकचा जळका वास येऊ लागला, पेडल दाबूनही गाडी आवरेना.

"हमदान." तोच आवाज. "हँडब्रेक तुझा. बटण दाबून धर. ओढ. सोड. परत ओढ."

माझे हात हलेनात.

"हमदान! चपला हातात घ्यायची वेळ नाही आलेली. ओढ!"

मी ओढला. सोडला. ओढला. मागची चाकं किंचाळली. चिकगूंनी डावीकडे बघितलं. तिथे रबराच्या मळ्यात चढत जाणारी मातीची वाट होती आणि तिच्या तोंडाशी दुरियन, म्हणजे फणसासारखी काटेरी फळं, विकणाऱ्याची टपरी. त्यांनी गाडी त्या वाटेवर घातली. दगड खाली आदळले, माझं डोकं छताला लागलं, आणि चढावर गाडी दमत दमत थांबली. दुरियनवाला पंखा हातात घेऊन तसाच उभा होता. भानावर आल्यावर त्याने मावशी म्हणून हाक मारत विचारलं, "मकचिक, एखादं गोड फळ काढू का?"

चिकगू उतरल्या आणि त्याच्या खोक्यावर बसल्या. मग मी जे बघितलं त्याचा धक्का मला त्या उताराहून जास्त बसला. त्यांचे गुडघे थडथड उडत होते. दोन्ही हातांनी दाबले तरी थांबेनात. सव्वीस वर्षं ज्या बाईला घाबरवायचा प्रयत्न अर्ध्या गावाने केला, ती घाबरली होती, आणि ती माझ्यामुळे घाबरली होती.

गाडी ओढून आणल्यावर मी एकट्याने दांडा काढला. जोडाला लागून तुटला होता. तुटलेलं टोक साखरेच्या खड्यासारखं चमकत होतं. लोखंड वाकलं नव्हतं, पिचलं होतं. तापलेलं तसंच पाण्यात घातलं की ते काचेसारखं होतं, हे कामाला लागल्यावर पहिल्या वर्षी शिकतात.

चार दिवस मी त्यांच्या घराला वळसा घालून जात होतो. पाचव्या दिवशी बायकोने, सुरियानीने, ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "भात चिवडू नकोस. जा आणि सांग."

मी गेलो. ओटीवर उभं राहूनच सांगितलं. बादली, पाणी, सगळं.

चिकगू आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या चहा घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी कपाला लावलेला हात मागे घेतला.

"माझा नवरा तीस वर्षं लोखंडी गेटं बनवत होता. त्याने वेल्डिंग कधी पाण्यात घातलं नाही. राखेत पुरून ठेवायचा. चुर्र झालं तेव्हाच मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सहा महिने अर्ज भरत होते रे. दुसरा दांडा करायचा म्हणजे अजून थांबायचं. मला थांबवत नव्हतं. समोरचा चुकतोय हे दिसूनही मी पहिल्यांदा गप्प बसले. तू घाई केलीस जेवणाची, मी केली गाडीची. ट्रकवाल्याच्या घरी कुणाला कळवावं लागलं असतं, तर मी काय सांगितलं असतं?"

मी चहा प्यायलो.

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्या किती वाजता येऊ?"

"कुठे?"

"गॅरेजला. नवा दांडा करायला."

"माझ्याकडे? परत?"

"ज्याने एकदा गटारात घातली त्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवत नाही. तुला बसवलं होतं?"

या वेळी वेल्डिंग नाही. इपोह शहरातल्या लोक वाई सेंग नावाच्या कारागिराकडून अख्ख्या सळईतून गोळीसकट एकच दांडा लेथवर काढून आणला. मी तो पकडीत आवळला, वर सहा फुटी पाइप चढवला. चिकगू स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लटक."

"मी?"

"लोखंड तुमच्याकडे सोडलंय ना? लटक."

भर रस्त्यावर, समोरच्या हॉटेलातली माणसं बघत असताना, मी त्या पाइपला दोन्ही हातांनी लोंबकळलो. दांडा केसभरही हलला नाही. त्यांनी मला अजून दोनदा लटकायला लावलं. नंतर आम्ही घाटातही गेलो. परतेपर्यंत मी हँडब्रेकवरचा हात काढला नाही.

तोहसाहेबांनी मात्र दांडा बघून मान हलवली. "चिकगू, या गिअरवर शिकलेला परीक्षेच्या गाडीत नापास होईल." चिकगूंना ते पटलं. खरंच होतं ते. त्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या टेबलाची किल्ली तोहसाहेबांच्या हातात दिली आणि बाहेर आल्या. मला वाटलं, आता बाई मोडणार.

पुढच्याच महिन्यात त्यांनी नवीन काम सुरू केलं. गावात अशा कितीतरी बायका आहेत की लायसन्स कपाटात, गाडी दारात, आणि दहा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. भीती. कुणाला नवरा हसला म्हणून, कुणाला एकदा धडक बसली म्हणून. चिकगू आपल्या पांढऱ्या गाडीतून त्यांच्या दारात जातात, आणि मग त्या बाईच्याच गाडीत शेजारी बसतात. प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी त्या काय सांगतात ते मी स्वतः ऐकलंय: "मीसुद्धा घाबरले होते. गुडघे उडत होते. बुकित बेरापितला, दुरियनच्या खोक्यावर." बायकांचे डोळे विस्फारतात. बादलीचं त्या कधीच सांगत नाहीत. ते मी सांगतो.

गेल्या महिन्यात त्या तेल बदलायला आल्या होत्या. चहा पीत बसल्या असताना फोन वाजला. त्यांची एक शिष्या, चोंगबाई, बावन्न वर्षांची. अकरा वर्षं घरापासून बाजारापर्यंतही जिने गाडी नेली नव्हती. ती पेनांगचा लांब पूल एकटीने ओलांडून समुद्रापलीकडे पोचली होती. फोनमधून तिचं हसणं आणि रडणं मला दोन हातांवर ऐकू येत होतं. मी उभाच राहिलो.

चिकगूंनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"छान," त्या म्हणाल्या. "गाडी कुठे लावलीयस?"