अस्वलाला किती काढा लागतो

तुम्ही दोघं तिकडे, मी साताऱ्यात. ही गोष्ट तुमचीच आहे, पण तिचा इकडचा अर्धा भाग तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून लिहून ठेवते. दोघांनाही ‘तू’ लिहिलं तर कुठला ‘तू’ कोणासाठी ते कळणार नाही. म्हणून ‘थोरली’ आणि ‘धाकटा’ असंच लिहिते.

थोरलीने एक खेळ स्वतः रचला होता. प्रत्येकाने कागदावर आपलं पात्र लिहायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, पात्रांनी काय करायचं ते सांगायचं आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायचो. गोष्ट तुमची आई सांगायची. थोरलीचं पात्र हवं त्या प्राण्याचं रूप घेई, धाकट्याचा वैद्य जखमा भरणारे काढे करी आणि मी किल्ल्याची पहारेकरीण.

मग धाकटा लागोपाठ तीन रविवार आला नाही. मी त्याला वेगळा फोन केला.

“आजी, माझं तिथे कामच नाही,” तो म्हणाला. “ताई अस्वल होते, मारामारी करते. जखमी झाली की लांडगा होते, आणि लांडग्याचा जीव नवाकोरा! माझा काढा पिणार कोण?”

तक्रार खरी होती. शिवाय दोघं घरातही एकमेकांशी बोलत नाहीत, असं तुमच्या आईकडून कळलं. खेळ मोडला असता तर मला फार वाईट वाटलं नसतं. हा अबोला मात्र मला सोसवेना. धाकट्याने पुन्हा येऊन बसायला हवं होतं.

मी वही काढली, आखून तक्ता केला आणि नियम लिहिला : रूप दिवसातून एकदाच बदलता येईल.

“मग उरलेला दिवस मी काय करू? भांडी घासू?” थोरली म्हणाली.

धाकटा तर जास्तच चिडला. “तिला लंगडी करून मला जिंकवू नकोस, आजी.”

तक्ता तसाच राहिला. त्याच आठवड्यात मी आपल्या फलटणच्या रानात गेले. ऊस तुटून गेला होता आणि खतासाठी जतकडच्या एका कुटुंबाची मेंढरं रानात बसवली होती. त्यातली बाई मेंढरांना जंताचं औषध पाजत होती. दर वेळी ती मेंढराच्या पोटाखाली हात घालून त्याला जरा उचलून बघे आणि मगच बाटली तोंडाला लावी. मी विचारलं, असं उचलायचं कशाला?

“आवं आक्का, वजन कळाय नगं? मोठ्या नराचं औषिद कोकराला पाजलं तर कोकरू आडवं हुईल. आन् कोकराचं नराला पाजलं तर जंत हसत्यात.”

मला राहवलं नाही. “समजा, औषध पाजलं आणि कोकराचा तिथल्या तिथे मोठा नर झाला, तर?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याला हाक मारली, “आवं, पाणी आणा! आक्कास्नी ऊन लागलंया.” पण प्रश्न तिच्याही डोक्यात शिरला असावा. पुढचं मेंढरू धरता धरता ती म्हणाली, “झालाच, तर पुन्यांदा पाजावं लागंल. अंग वाढलं म्हणून पोटातलं औषिद वाढतंय व्हय?”

“आणि नराचं कोकरू झालं तर?”

“मग खड्डा काढायचा!”

परतीच्या एसटीत मी दोन नियम लिहिले. रूप बदललं तरी जखम तीच राहील. आणि काढा अंगाच्या मापाने लागू पडेल : माणसाला एक बाटली, अस्वलाला तीन. थोरलीने दिवसातून दहा वेळा रूप बदलावं, माझी हरकत नव्हती.

घरी पोचल्यावर दोघांनाही नियम कळवले. रविवारी धाकटा आला, पण “मी फक्त बघणार” असं आधीच सांगून. अर्ध्या तासात थोरलीचं अस्वल पुलावर दरोडेखोरांच्या कचाट्यात सापडलं. रक्त थांबेना.

“काढा दे,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलत होती.

“अस्वलाला तीन लागतात. माझ्याकडे दोनच आहेत.”

“मग दोन्ही दे ना!”

“दोन्ही संपतील आणि तरी तू पुरती बरी होणार नाहीस. माणूस हो. एकीत भागेल.”

“दरोडेखोरांच्या मधोमध? वेडा आहेस का? एक फटका आणि मी खलास.”

“माझ्यामागे उभी राहा. पुढे आजी आहे.”

“आजीला फासा टाकायला पाच मिनिटं लागतात!”

हे खरं आहे. पडद्यावर थोरली नख चावत बसली होती.

“बरं,” थोरली शेवटी म्हणाली. “झाले माणूस. दे लवकर.”

धाकट्याने आपल्या कागदावरची एक बाटली खोडली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “दिली. आता फासे इकडे दे. पाळी माझी आहे.”