गट नंबर पाच बटा तीन

टोमॅटोच्या वाळलेल्या पाल्याचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. बारामतीजवळच्या एका पाणीवाटप संस्थेत मी कालव्याच्या पाळ्यांची यादी टाइप करायचे. पिंपळीकडच्या एका तात्यांचा गट नंबर होता ५/३. त्या दीडशहाण्या स्प्रेडशीटनं परस्पर '५ मार्च' ही तारीख करून टाकली आणि मीही न बघता यादी छापून दिली. नावापुढं तारीख दिसल्यावर कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं तीच पाण्याची पाळी धरली. फेब्रुवारीभर शेजारची रानं भिजली, तात्यांचा फुलावर आलेला टोमॅटो मात्र करपला. एका दुपारी त्यांनी वाळलेलं झाड मुळासकट आणून माझ्या टेबलावर आपटलं. कीबोर्डवर माती उडाली, उग्र वास सुटला. "पाच बटा तीन ही माजी जमीन हाय, पोरी. तिची तारीख कुणी केली?" मी म्हणाले, "तात्या, ते आपोआप होतं." "आपोआप? रानात तणबी आपोआपच उगवतं. आमी ठिवतो व्हय ते?" परवा घरच्या कागदांची यादी करताना ७/१२ टाइप केलं, तर समोर '७ डिसेंबर'! संताप आला त्या शीटचा. पण त्या दिवशी 'आपोआप' म्हणणाऱ्या माझ्या तोंडाचा त्याहून जास्त.