नानांचं कागदी विमान

आगबोटीचा भोंगा झाला तेव्हा नाना माझ्या ट्रंकेची दोरी तिसऱ्यांदा आवळत होते. पुस्तकबांधणीचा धंदा, दुसऱ्याने मारलेली गाठ त्यांना कधी पटायची नाही. नखांत नेहमीसारखी वाळलेली खळ. "तिकडे पाणी विकत घ्यावं लागतं म्हणे," ते म्हणाले, "तरी पिण्यात काटकसर करू नकोस." एवढंच. वडिलांच्या पाया पडून मी बोटीवर चढलो.

माझी धाकटी बहीण गोदू धक्क्यावर नव्हती. तेराव्या वर्षी विधवा होऊन ती आमच्याकडे परत आली होती. निरोपाच्या वेळी तिने समोर असणं बरं नाही, असं चाळीतल्या बायकांनी ठरवलं, आणि मी त्यावर काही बोललो नाही. निघताना ती दाराआड उभी होती. मी "येतो गं" म्हणालो, ते तिच्याकडे न बघता.

गिरगावातून, लालबागेतून माझ्यासारखे जे पोटासाठी बाहेर पडले, कुणी रंगूनला, कुणी झांजिबारला, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि जे मागे राहिले त्यांच्यासाठीही. आपण लोकांना सांगतो की नोकरीसाठी गाव सोडलं. मीही तसंच सांगतो. एडनच्या कोळशाच्या वखारीत कारकुनाची जागा मिळाली हे खरं आहे. पण ती मिळाली नसती तरी त्या दिवसांत मला घरात बसवत नव्हतं, हेही खरं आहे.

त्याचं कारण एक कागदाचं विमान.

एका वकिलाकडून इंग्रजी सचित्र साप्ताहिकांचा वर्षभराचा गठ्ठा बांधणीला आला होता. पानं लावताना नानांना एक चित्र दिसलं. परदेशात कुणी एक माणूस पाठीला वटवाघळासारखे मोठे पंख बांधून टेकडीवरून उतरतो आहे, पाय हवेत. नाना त्या पानापाशी थांबले ते थांबलेच. सुई दोऱ्यासकट बाजूला ठेवली. त्यांनी मला हाक मारली, कारण घरात इंग्रजी येणारा मी एकटा. मॅट्रिक पास. चाळीत कुणी पाहुणा आला की माझी ओळख नाना तशीच करून द्यायचे.

मी वाचून अर्थ सांगू लागलो. पंखांची लांबी, वेताचा सांगाडा, शेपटीचा आकार, सगळं सांगितलं. शेवटी चार ओळी होत्या, आणि त्यांत मी अडलो. तीन शब्द मला येत नव्हते. नाना आणि गोदू माझ्या तोंडाकडे बघत होते. "मला हे कळत नाही," एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "पुढे विशेष काही नाही. त्या साहेबाची स्तुती आहे."

गोदू म्हणाली, "दादा, मला ही अक्षरं शिकवशील? मीच लावून लावून वाचीन."

"तू इंग्रजी वाचून काय विमान हाकणार आहेस?" असं म्हणून मी हसलो. नानाही थोडे हसले. ती हसली नाही.

मग दोन महिने आमच्या खोलीत दुसरं काही सुचेना. नानांनी बांबूच्या कामट्या तासून दिव्यावर वाकवल्या. पतंगाचा कागद अंगावरच्या कातडीसारखा त्यांवर ताणून बसवायचं काम गोदूचं. तिच्या बोटांना ते नानांपेक्षाही बरं जमायचं. दोन हात रुंदीचे पंख झाले. नानांनी पोटापाशी एवढासा कागदाचा माणूसही बसवला, त्याला पागोटं घातलं. इतकी वर्षं गप्प असलेली गोदू त्या दिवसांत नानांशी वाद घालायची. "शेपूट जड होतेय, नाना." "चित्रात आहे तशीच केलीय गं." चित्राखालच्या चार ओळींत काय आहे ते मला माहीत नव्हतं, पण तिथे काहीतरी आहे हे मला माहीत होतं. मी डिक्शनरी मागून आणू शकलो असतो. रोज उद्यावर टाकलं.

एका रविवारी सकाळी नानांनी ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलं. खाली चौकात सगळी चाळ जमली होती. विमान हातभर पुढे गेलं, त्याने नाक वर केलं, क्षणभर हवेत उभं राहिलं आणि शेपटीवर घसरत खाली येऊन पाण्याच्या हौदाच्या काठावर आपटलं. "नाना, पुष्पक कुबेराकडे परत गेलं हो!" कुणीतरी ओरडलं आणि चौकभर हसू पसरलं. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, सगळ्यांच्या बरोबर राहावं म्हणून हसलो. नाना खाली उतरले, मोडक्या कामट्या गोळा केल्या, आणि मला म्हणाले, "मलाच नीट जमलं नाही." त्यानंतर तीन महिन्यांत मी बोटीवर होतो.

एडनमध्ये झाड नाही. काळे डोंगर, उंटावरून येणारं पाणी, आणि दिवसभर कोळशाची धूळ. मी मोडकंतोडकं अरबी शिकलो, सोमाली हमालांशी हातवाऱ्यांनी बोलायला शिकलो, पाण्याला मोया म्हणायला लागलो. तिथेच एकदा आमचे हेडक्लार्क एका बोटीत कोळसा भरताना मला समजावत होते, की वजन मागे गेलं तर बोट नाक वर करते, म्हणून आधी पुढे भरायचं. ते सहज बोलले, आणि त्या तीन शब्दांतला एक त्यांच्या तोंडी आला. मी हिशेबाची वही मिटली. त्या चार ओळींत काय होतं ते मला उन्हात उभ्या उभ्या कळलं.

मी नानांना पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं. ते पत्र उशीखाली ठेवलं, टाकलं नाही. पुढच्या बोटीने टाकू म्हणालो, मग त्याच्या पुढच्या. तेवढ्यात मुंबईत प्लेग आला. तिकडच्या बोटी क्वारंटीनमध्ये अडकू लागल्या, पत्रं औषधाची धुरी देऊन, कोपरे कापून मिळायची. तशाच एका कापलेल्या पाकिटातून मला कळलं की नाना गेले. अक्षर गोदूचं होतं.

घरी जायला मला चौथं वर्ष उजाडलं. चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं होती. आमच्या खोलीत मात्र खळीचा वास तसाच होता. गोदू जमिनीवर बसून शाळेच्या वह्या शिवत होती. नानांचा धंदा ती एकटी चालवत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि चार वर्षांचं ओझं एकदाचं बोलून टाकलं. तिने हातातला टाका पुरा केला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुझी बोट गेल्यावर आठ दिवसांनी नाना वकिलाकडून ते साप्ताहिक पुन्हा मागून घेऊन खोताच्या वाडीत इंग्रजी शिकवणाऱ्या पास्कूमास्तरांकडे गेले. मास्तरांनी वाचून दाखवलं. वजन पंखांच्या पुढे हवं, नाहीतर नाक वर करून पडतं. नानांनी विमान पुन्हा बांधलं. छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे दोन खिळे आणून नाकाला बांधले." तिने सुई खाली ठेवली. "गेलं, दादा. चौकावरून गेलं, भिंतीवरून गेलं, पलीकडच्या नारळाच्या वाडीत उतरलं. मी आणायला धावले. भर रस्त्यातून, पदर सावरायचंही भान नव्हतं. नाना वरून बघत होते. काही म्हणाले नाहीत. नुसते टाळ्या वाजवत होते."

"मला कळवलं का नाहीत?"

"मी लिहायला बसले होते. नाना म्हणाले, त्याला कळवू नकोस. तिकडे एकटा आहे, मनाला लावून घेईल."

विमान कुठे आहे, हे मी विचारलं. प्लेगचं घर म्हणून धुवायला सरकारी माणसं आली तेव्हा त्यांनी घरातला सगळा कागद चौकात जाळला, ती म्हणाली.

आता मी पुन्हा एडनला आहे. इथे कुणी घर कुठे विचारलं तर मी गिरगाव सांगतो. पण ते सांगताना आठवतं, की त्या घरातला सगळ्यात आनंदाचा दिवस मी निघून गेल्यावर आला, आणि मला दुखू नये म्हणून तो माझ्यापासून लपवून ठेवला गेला.

त्या दुपारी एवढं सांगून झाल्यावर गोदूने पुन्हा सुई हातात घेतली. समोर न दुमडलेल्या कागदांची थप्पी होती. मी त्यातले काही ताव पुढे ओढले आणि म्हणालो, "दे, एवढे मी दुमडतो."

गोदूने ते हलकेच माझ्या हातून काढून घेतले.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "चार दिवसांचा पाहुणा तू. तुला कुठे काम सांगू?"