नावांवरची एक रेघ

एक्कावन्नाव्या वर्षी सुलभा वझलवारांनी नोकरी सोडली आणि लखनौच्या एका कला महाविद्यालयाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं, तेव्हा जानकीपुरमच्या शेजारणींना वाटलं, बाई आता रांगोळीचे क्लास काढणार. आपण चित्रं काढणार नाही, दुसऱ्यांच्या कामांवर लिहिणार, त्यांची प्रदर्शनं मांडणार, हे त्यांनी दोन-तीनदा समजावून पाहिलं. मग नाद सोडला. नवरा निरंजन बँकेत. तो एवढंच म्हणाला, "वर्गातली पोरं आंटी म्हणतील, बघ."

"म्हणू देत. मी त्यांना बाळ म्हणेन."

मूळच्या नागपूरच्या सुलभाताई बावीस वर्षं औषध संशोधनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. उंदरांची वजनं, द्रावणाचा रंग, तो कधी पालटला, जे दिसेल ते वहीत टिपायचं. त्या नोंदींवर अकरा शोधनिबंध छापून आले. अकराही निबंधांत त्यांचं नाव अगदी शेवटी, बारीक अक्षरात, आभाराच्या ओळीत. एकदाच त्यांनी साहेबांना त्याबद्दल विचारलं. साहेब हसले, "सुलभाजी, आप तो घर की हैं." घरच्या माणसाचं नाव दारावर तरी असतं, हे उत्तर त्यांना घरी पोचल्यावर सुचलं.

वर्गात त्यांचं लिखाण कुणाला फारसं रुचेना. मुलं जड जड शब्द पेरायची. या लिहायच्या, कापड किती लांब आहे, कुठे उसवलंय, कुणी शिवलंय. विभागप्रमुख निगम सर वही परत करत म्हणायचे, "यह लैब की रिपोर्ट नहीं है, मैडम."

दुसऱ्या वर्षाच्या प्रदर्शनात त्यांच्या वाट्याला सुजय नावाच्या वर्गमित्राचं काम आलं. एकवीस फूट मलमल आणि तिच्यावर लखनवी चिकनकारीच्या पांढऱ्या टाक्यांत भरलेली गोमती नदी. रेखाटन सुजयचं. टाके खदरा मोहल्ल्यातल्या तीन बायकांचे, पाच महिन्यांचे. भिंतीवर लावायचा मजकूर सुलभाताईंनी लिहायचा होता. बायकांना न भेटता काय लिहिणार? त्या ई-रिक्षा करून खदऱ्याला गेल्या.

तिघींत वयाने मोठी रईसा बानो. सुलभाताईंनी तिला सरळ विचारलं, "इसमें आपका क्या है?"

रईसाने चष्मा पुसला, सुजयच्या रेखाटनाची घडी काढली आणि जमिनीवर पसरली. त्याची नदी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. "नदी ऐसे चलती है भला? मैंने मोड़ दी." जिथे नाला येऊन मिळतो तिथे तिने दाट, दाणेदार टाका घेतला होता. पुढे पाणी मेलेलं म्हणून विरळ जाळीचा टाका. हे सुजयने सांगितलं होतं का? "वो तो देखकर बोला, अच्छा लग रहा है."

सुलभाताईंनी शब्द न शब्द टिपला. घरी येऊन मजकूर लिहिला आणि वर कलाकार म्हणून चार नावं घातली: सुजय, रईसा बानो, शमा, किश्वर.

उद्घाटनाच्या सकाळी निगम सर दालनात आले, भिंतीवरचा फलक वाचला आणि थबकले. "ये तीन नाम हटाइए. कारीगर हैं, आभार में डाल दीजिए."

आभार हा शब्द ऐकला आणि सुलभाताईंना ते अकरा निबंध आठवले.

"सर, नदी तो उन्होंने मोड़ी है."

"बहस मत कीजिए. मेहमान आ रहे हैं."

सुजय खाली मान घालून उभा. सुलभाताईंनी पर्समधून काळं पेन काढलं. प्रयोगशाळेत खाडाखोड करायची नसते. नोंद रद्द करायची तर एकच बारीक रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण, तारीख आणि सही. त्यांनी तिन्ही नावांवर तशीच रेघ मारली आणि शेजारी हिंदीत लिहिलं, 'विभागाध्यक्ष के आदेश से.' खाली तारीख, पूर्ण सही.

"लीजिए सर, हटा दिए."

संध्याकाळी त्या फलकापुढे हीऽऽ गर्दी. एरवी कुणी वाचत नाही तो मजकूर लोक ओठ हलवत वाचत होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सुजयला विचारलं, "ये नाम किनके हैं?" तो निगम सरांकडे बघत राहिला, मग एकदम म्हणाला, "जिन्होंने आधा काम सोचा, मैम. नदी का मोड़ मेरा नहीं है." सर तिथून निघून गेले. जाताना सुलभाताईंना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "नंबर हमारे हाथ में हैं."

तिसऱ्या दिवशी रईसा शमाला घेऊन आली. सुलभाताईंना वाटलं, फलक बघेल. तिने फलकाकडे नजर टाकली, मान हलवली आणि कापडाशी गेली. "दीवार से चिपका क्यों दिया? हाथ तो पीछे दिखता है." बरेचसे टाके कापडाच्या उलट्या बाजूनेच घातले होते आणि नेमकी तीच बाजू भिंतीला होती.

"परमिशन लेनी पड़ेगी," सुजय पुटपुटला.

"सीढ़ी लाओ," सुलभाताई म्हणाल्या.

चौघांनी मिळून मलमल उतरवली आणि दालनाच्या मधोमध तारेवर टांगली. आता माणसं दोन्हीकडून फिरू लागली. रईसा मागच्या बाजूला उभी राहून येईल त्याला बोटाने टाका दाखवत होती. पहारेकरी येऊन बघून गेला.

जूनमध्ये निकाल लागला. बॅचमध्ये सगळ्यांत कमी गुण सुलभाताईंना. निरंजनने चहाचा कप खाली ठेवला. "पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कर. सरळसरळ अन्याय आहे हा."

"नाही रे," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही, त्याचे कापलेत. हिशेब बरोबर आहे."