भरल्या गाडीचं माप

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव जवळा बाजारपासून आत, काळ्या रानात. डांबरी रस्ता गावाच्या अलीकडेच संपायचा. पुढच्या वाटेवर पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, म्हणून वडिलांनी एक जुनी जीप घेतली होती. लष्कराच्या लिलावातून निघून दोन-तीन मालकांकडून ती आमच्यापर्यंत आली होती. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक छोटा दांडा होता. तो टाकला की मागच्याबरोबर पुढची चाकंही ओढू लागायची आणि जीप चिखलातून बाहेर यायची. गावात तशी दुसरी गाडी नव्हती.

जीप उंच होती. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आईचे मात्र दोन्ही गुडघे दुखायचे. सपाटीला ती शेतापर्यंत चालत जायची, पण पाय वर उचलायला तिला जमत नसे. जीपच्या पुढच्या सीटवर बसायचं तर जमिनीपासून तेवीस इंचांवर पाय टाकावा लागायचा. स्टूल करून पाहिलं, पण उतरायच्या ठिकाणी ते विसरलेलं असायचं. जीपला लोखंडी पायदान जोडून घेतलं, ते शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून पहिल्याच आठवड्यात वाकलं. शेवटी मी आणि वडील तिला दोन्ही बाजूंनी काखेत धरून वर चढवायचो.

औंढ्याला एका लग्नात मांडवापुढंच आम्ही तिला असं उचललं. तिथं उभा असलेला एक पाहुणा म्हणाला, "संभाळून घ्या हो, पोतं उसवंल." आजूबाजूचे हसले. आईही हसली. त्यानंतर ती जीपमध्ये बसली नाही. कुठं जायचं निघालं की काही ना काही काम सांगायची. असं पाच-सहा महिने चाललं.

मग दिवाळीनंतर आखाडा बाळापूरहून तिच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. नवं घर बांधून झालं होतं, पंधरा दिवसांनी घरभरणी होती. मावशीला आईशिवाय मोठं कुणी नव्हतं. आई म्हणाली, "जाईन की. पण माझ्या पायानं चढून जाईन. उचलून न्यायचं आसंल तर मला राहू द्या, तुमी जा."

वडिलांनी त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओट्याजवळ विटा आणून ठेवल्या आणि एकावर एक रचायला सुरुवात केली. आईनं दाराची चौकट धरायची आणि विटांवर पाय टाकायचा.

"हे काय लावून राहिले सकाळी सकाळी?"

"माप काढून राहिलो. टाक पाय."

तीन विटांवर पाय सहज गेला, चारवर गेला, पाचवर जरा थांबून गेला. सहाव्या विटेला तिनं ओठ आवळले, पण चढली. सातवी वडिलांनी ठेवली तेव्हा ती घरात निघून गेली. मी टेप लावला. सहा विटा म्हणजे अठरा इंच. तेवीसातून अठरा गेले, पाच उरले. जीप पाच इंच खाली घ्यायची होती.

हिंगोलीत मोंढ्याच्या मागच्या रस्त्याला एक कमानीचं दुकान होतं. जीपच्या प्रत्येक चाकाजवळ लोखंडाच्या बाकदार पट्ट्यांची एक चवड असते, तिच्यावर गाडी तोललेली असते. पट्टीला पाटा म्हणायचे आणि चवडीला कमान. दुकानाचा मिस्त्री साठीच्या आसपासचा होता. आम्ही जीप उभी करतो न करतो तोच त्यानं विचारलं, "किती पाटे वाढवायचे?"

"वाढवायचे न्हाईत," वडील म्हणाले. "गाडी खाली घ्यायची."

मिस्त्रीनं जीपभोवती एक फेरी मारली. "काका, खाली बसल्या म्हणून गाड्या येतेत माझ्याकडं. तुमची चांगली उभी हाय. तिला काहून बसवून राहिले?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या काळी हिंगोलीतून खेड्यांकडं काळ्या-पिवळ्या जीपगाड्या चालायच्या. एकेका गाडीत पंधरा-सोळा माणसं, शिवाय मागं लटकलेली वेगळी. त्या सगळ्यांच्या कमानी त्याच्याकडं जाड व्हायला यायच्या. गाडी खाली घ्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. वडिलांनी कारण सांगितलं. आईचे गुडघे, विटा, अठरा इंच. मिस्त्री ऐकून खाली बसला आणि जीपखाली डोकं घालून बोलू लागला.

"सोपं काम म्हणजे दोन-दोन पाटे काढून टाकायचे. गाडी लगेच बसती. पण हळदीचे कट्टे-पोते टाकले की आपटंल, तुमची कंबर जाईल."

"दुसरं?"

"भंगारात हलक्या गाडीच्या कमानी भेटतेत. चपट्या असतेत. पण लांबीला कमी पडतेत. खाली चासीला नवे कान वेल्डिंगनं जोडावे लागतेल."

"चासीला आग लावायची न्हाई," वडील म्हणाले.

"मग पाटे हेच ठेवायचे. खोलायचे, ठोकायचे, बाक कमी करायचा. ताकद तेवढीच राहती, उंची जाती. फक्त पुढं जपावं लागंल." त्यानं पुढच्या चाकांमधल्या लोखंडी फुगवट्यावर पाना वाजवला. "साध्या गाडीला पुढं हे न्हाई राहत. तुमची पुढून बी ओढती, म्हणून हा गोळा हाय. चार इंचाच्या वर खाली घेतली तर हा वर जाऊन इंजिनाच्या तेलाच्या भांड्याला लागंल. सगळं तेल रस्त्यावर."

"चारच? मला पाच पाहिजेत."

"एक टायरात काढू. बारके टायर टाका. पण चारही बराबर एकसारखे. दोन नवे, दोन जुने केले तर छोटा दांडा टाकला की पुढचं-मागचं भांडंल. आतले दाते तुटतेल."

वडिलांनी चहा मागवला. तो संपवला. मग म्हणाले, "पाटे ठोका. टायर चारही बदला."

काम दोन दिवस चाललं. मी तेव्हा हिंगोलीतच एका दैनिकाचं काम करायचो, त्यामुळं दोन्ही दिवस जाऊन बसता आलं. मिस्त्रीनं फरशीवर खडूनं एक बाकदार रेघ ओढली होती. प्रत्येक पाटा ठोकून झाला की तो त्या रेघेवर ठेवायचा आणि रेघ कुठं दिसते ते पाहायचा. रेघ दिसली की पुन्हा घण. चार कमानींचे सगळे पाटे त्यानं असे एकाच रेघेवर बसवले. त्यात मला चूक दिसली नाही, आणि नव्हतीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमानी चढल्या, टायर चढले. मिस्त्रीनं समोरच्या चहाच्या टपरीकडं तोंड करून हाक दिली, "चला, बसा सगळे!"

टपरीवरची माणसं उठून आली. कशाला, हे कुणी विचारलं नाही. कप हातात घेऊनच ती जीपमध्ये चढू लागली. त्या दुकानात गाडीचं माप भरल्या गाडीवर घ्यायची रीत होती, कारण रिकामी धावणारी गाडी तिथं येतच नव्हती. वडील स्टिअरिंगवर बसले. मला मागं दोन हमालांच्या मध्ये जागा मिळाली. मिस्त्रीनं डोकी मोजली, आम्हा दोघांना धरून चौदा. खाली बसून त्यानं टेप लावला आणि ओरडला, "अठरा! बराबर अठरा!" मी वही काढून अठरा लिहिले. माणसं उतरून आपल्या चहाकडं गेली.

गावाकडं येताना वडील दोनदा म्हणाले, "खाली गेलेली कळती." मलाही तसंच वाटत होतं.

घरभरणीच्या दिवशी सकाळी आई नवं लुगडं नेसून, आहेराचं गाठोडं घेऊन अंगणात आली. वडिलांनी जीप ओट्याजवळ लावली. आईनं एका हातानं जीपच्या दाराजवळची दांडी धरली, उजवा पाय उचलला. तो कडेला लागला आणि खाली आला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा तसंच झालं. वडील पुढं आले.

"हात लावू नका," आई म्हणाली आणि गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

मी टेप आणला. एकवीस इंच. वडील मिस्त्रीच्या नावानं बोलू लागले. मी वही उघडून तो अठराचा आकडा पाहिला. आकडा बरोबर होता. तो कशावर घेतला, हे मी लिहिलं नव्हतं. हिशेब उभ्या उभ्या लागला. टायरमधून एक इंच गेला होता, कमानीतून एकच. बाकीचे तीन इंच चौदा माणसांनी दाबले होते, आणि त्या चौदांत आम्ही दोघंही होतो.

मी ते आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"चवदा माणसं बसल्यावर अठरा भरलं?"

"व्हय."

"मग बसवा की चवदा."

"आता कुठून आणू चवदा माणसं?" वडील म्हणाले. "आन तिकडं निरोप आपल्या चौघांचा हाय."

"माझ्या बहिणीचं घर हाय ते. दहा ताटं जास्त लागतेल, आनखी काय." असं म्हणून आई गाठोडं तिथंच ठेवून फाटकाशी गेली आणि गल्लीत हाक मारली, "बाळापूरला कोण येऊन राहिलं? घरभरणीचं जेवण हाय! बिगीबिगी या!"

अर्ध्या तासात गल्ली तयार झाली. शेजारच्या दोघी जणी, त्यांची लेकरं, एक चुलती, तंबाखू मळत आलेला चुलता, तीन-चार जण असेच. अंगानं दणकट असलेली चुलती चढताना म्हणाली, "मला मोजताना दोन धरा, म्हणजे लवकर भरंल." माझी धाकटी बहीण लेकरांना मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. वडील हातातल्या घड्याळाकडं पाहत स्टिअरिंगवर बसले. सगळे बसल्यावर मी टेप लावला. साडेअठरा.

"आजून अर्धा इंच राहिला," मी म्हणालो.

"मग तू काहून भाईर उभा हाईस?" चुलता म्हणाला. "तुझं वजन काय घरी ठिवायचं हाय का?"

मी मागं चढलो. आईनं दांडी धरली. उजवा पाय कडेवर टेकला. ती क्षणभर तशीच थांबली, मग जोर देऊन डावा पाय आत ओढून घेतला आणि सीटवर बसली. आईनं पदर सारखा केला.

"गाठोडं ओट्यावर राहिलं," ती म्हणाली. ते आणायला मी उतरलो आणि सगळ्यांना कळेल इतकी गाडी वर आली. चुलती हसू लागली आणि मग हसणं थांबेना.

कळमनुरीला चहासाठी थांबलो. आई आधी उतरली, आपली आपण. चहा झाल्यावर सगळे परत आत बसले, चुलता तेवढा पानाच्या टपरीवर राहिला. आई जीपजवळ उभी राहिली.

"बस की," वडील म्हणाले.

"कशी बसू? भाऊजी तिकडं हायेत." आणि टपरीकडं वळून, "अवं भाऊजी, तंबाखू मागून घ्या, वजन आधी आना!"

चुलता पळत आला. येताना त्यानं जे तोंडातून काढलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण आईला त्याचा राग आला नाही.

बाळापुरात मावशी दारात उभी होती. जीपमधून एकामागून एक माणसं उतरताना पाहून तिचा चेहरा आधी जरा उतरला. तेवढ्यात तिनं पाहिलं की बहीण सगळ्यांच्या आधीच उतरून स्वतःच्या पायानं तिच्याकडं चालत येत आहे. "बाई, कुणी धरलं न्हाई तुला?" ती म्हणाली. आई म्हणाली, "ह्या समद्यांनी धरलं." मावशीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं आत जाऊन पंधरा पत्रावळी वाढवायला सांगितलं. आईच्या हातानं चुलीवर दूध ठेवलं गेलं. ते उतू जाईपर्यंत आई चुलीपाशी उभी राहिली, बसली नाही, कारण बसलं की उठायला वेळ लागतो.

पुढच्या आठवड्यात वडील हिंगोलीला निघाले. राहिलेले तीन इंच मिस्त्रीकडून काढून आणायचे होते. चूक त्याची आहे, तो नाही म्हणणार नाही, असं ते म्हणाले. आई शेंगा फोडत होती.

"राहू द्या ते," ती म्हणाली.

"काहून? एवढी तकलीफ कशाला? रोज चवदा माणसं कुठून आणायची?"

"येतेत की. गल्लीतल्या बायका आतापासूनच इचारून राहिल्या, बाजारला कधी जाता म्हणून. ते तीन इंच काढले तर मी एकलीच बसून जाईन. एकलं जाऊन काय करू बाजारात?"

वडिलांनी चप्पल काढून ठेवली.

ती जीप पुढं सहा वर्षं आमच्याकडं होती. तिच्या कमानी पुन्हा उतरवल्या नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी वडील स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवायचे. बायका पिशव्या घेऊन मागं चढायच्या, कुणी कोंबडी घेऊन, कुणी लेकरू घेऊन, आणि गाडी थोडी थोडी खाली जायची. आई अंगणात उभी राहून पाहायची. पुरेसं झालं असं वाटलं की दांडी धरायची. कधी माणसं कमी असली तर वडील स्वतःच उतरून सोयाबीनचे दोन कट्टे मागं टाकायचे.